हँडल पिळलं की हेड वळायला हवं

लेस्टर (इंग्लंड), रविवार

प्रिय सुध्या,

"झाडू वळवायला इंजिनिअर कशाला लागतो रे? खाली दोन कॅस्टर चाकं मार आणि दे पाठवून." आमच्या कंपनीचा व्हॅक्यूम क्लीनर नीट वळावा यावर मी काम करतो म्हटल्यावर फोनवर हे बोलून तू मोकळा झालास, हसून फोन ठेवलास, आणि मी मात्र तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतो आहे. उद्यमनगरात मशिन शॉप चालवणाऱ्या माणसानं असं बोलावं? म्हणून आज सगळं सविस्तर लिहितो. चहा घेऊन बस.

आधी इथली घरं डोळ्यांसमोर आण. आपल्याकडं शहाबादी नाहीतर टाइल्स, फडकं मारलं की काम झालं. इथं बऱ्याच घरांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलं असतं, जिन्यावरसुद्धा. त्यात रुतलेली धूळ नुसत्या ओढीनं निघत नाही, फिरता ब्रश लागतो. त्यामुळं इथं आणि अमेरिकेत उभा व्हॅक्यूम क्लीनर रुजला. खाली ब्रशचं हेड, त्यावर मोटर, धुळीचा डबा आणि हँडल, सगळं एकाच दांड्यावर. हा साचा ओहायोतल्या कॅन्टन गावच्या जेम्स स्पँगलरचा. दुकानात झाडलोट करायचा, धुळीनं त्याला दम लागायचा. त्यानं मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून यंत्र उभं केलं, 1908 मध्ये पेटंट मिळालं, आणि पुढं ते हूवर कुटुंबाकडं गेलं. दुखण्यातून सुचलेली वस्तू असल्यामुळं असेल, पण मला हा माणूस फार आवडतो.

त्यानंतर मोटर सुधारली, पिशवी सुधारली, पण वळण्याचा प्रश्न तसाच राहिला. दोन चाकं एकाच पक्क्या आसावर, हँडल फक्त वर-खाली होणार. सरळ रेषेत उत्तम. वळायचं झालं की हँडल दाबून पुढचं तोंड उचला, फिरवा, परत टेकवा. खुर्चीच्या चार पायांभोवती हे करणाऱ्या सत्तरीतल्या बाईचं मनगट आठव.

आता तुझे कॅस्टर, म्हणजे ऑफिसच्या खुर्चीखाली असतात तशी हव्या त्या दिशेला फिरणारी चाकं. कॅस्टर चांगला चालतो तो एका दिशेनं लांब जाताना. इथं हात पुढं जातो, मागं येतो, परत पुढं. दर वेळी दिशा उलटली की कॅस्टर स्वतःभोवती अर्धा फेरा मारणार आणि तेवढ्यात हेडला बाजूला धक्का देणार. शिवाय मऊ कार्पेटमध्ये तो रुततो. सरळ पट्टा मारताना हेड इंचभरही भरकटता कामा नये आणि वळवायचं म्हटलं की चटकन वळलं पाहिजे, या दोन्ही मागण्या एकाच वेळी आहेत. मोकळी चाकं देऊन त्यातली फक्त दुसरी भागते.

खरी गंमत सांध्यात आहे. हँडल तिरपं धरून तू ते त्याच्याच अक्षाभोवती पिळलंस, तर त्या एका पिळात दोन हालचाली असतात. एक उभ्या अक्षाभोवतीची, म्हणजे डावी-उजवीकडं वळणं. दुसरी आडवी, म्हणजे एका अंगावर कलणं. आपल्याला वळणं हवं आहे आणि कलणं नको आहे, कारण हेड कललं की ब्रशची एक बाजू उचलली जाते आणि हवा तिथूनच शिरते. म्हणून सांधा असा हवा की कल तिथंच जिरेल आणि वळण तेवढं हेडपर्यंत पोचेल. दोन पिना, एकमेकींना काटकोनात. एक आडवी, हँडल वर-खाली होण्यासाठी. दुसरी पुढं-मागं जाणारी, कल सोडून देण्यासाठी. ओळखलास ना? जीपच्या इंजिनाचं फिरणं चाकांकडं नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा यूजे क्रॉस, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट! आयुष्यभर तू जे बदलत आलास, तेच इथं दिवाणखान्यात फिरतं आहे.

मग डायसन कंपनीच्या क्लीनरला चाकांऐवजी मोठा चेंडू असतो तो कशाला, असं तू विचारशील. जेम्स डायसननं 1974 मध्ये चाकाऐवजी प्लॅस्टिकचा गोळा लावलेला हातगाडा काढला होता, बॉलबॅरो नावाचा, कारण साधं चाक ओल्या मातीत रुततं. त्याचा 1993 चा पहिला उभा क्लीनर, डीसी01, मात्र साध्या चाकांवर होता. चेंडू आला 2005 मध्ये, डीसी15 वर. ते 5,127 नमुन्यांचं जे सांगतात ना, ते नमुने हवा गरागरा फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनचे, चेंडूचे नव्हेत. लोक सरसकट दोन्हीची खिचडी करतात. चेंडूचं काम साधं आहे. कलणाऱ्या अंगाला चाकं लावलीस तर कलल्यावर एक चाक हवेत जातं. गोळा कितीही कलला तरी त्याचा मध्य जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहतो. बाकी करामत गोळा आणि हेड यांच्यामधल्या सांध्याची. दुसरा रस्ता म्हणजे सगळी चाकं हेडवरच ठेवायची आणि वरच्या अंगाला सांध्यावर मोकळं सोडायचं. आम्ही तो धरला आहे. गोळ्याचा एक फायदा मात्र मी मान्य करतो: मोटर त्याच्या पोटात बसते. दीड किलोची मोटर चाकाच्या आसापासून 35 सेंटीमीटर वरून थेट आसावर आणली आणि हँडल 110 सेंटीमीटरचं असलं, तर हातावरचं ओझं जवळजवळ अर्धा किलोनं उतरतं. करून बघ हिशोब.

सांधा मोकळा केला की बाकीची भुतं उठतात. पूर्वी मोटरच्या शाफ्टवरून बेल्ट ब्रशला फिरवायचा. असल्या सांध्यातून बेल्ट नेता येत नाही, म्हणून हेडमध्ये वेगळी छोटी मोटर आली, तिची वायर आली, आणि ती वायर प्रत्येक वळणाला वाकते. हवेचा पाइपही तिथूनच जायचा. स्प्रिंगवाला होज आतल्या ओढीनं आखडतो आणि हेडला एका बाजूला खेचत राहतो. पिना कितीही गुळगुळीत असोत, हाताला जडपणा लागतोच. शेवटी कलाची पिनच पोकळ केली. हेडचा गळा म्हणजे फिरणारा पाइप, त्याला ओठासारख्या कडेचं सील, हवा मधून. मला विचारशील तर या अख्ख्या यंत्रातली ही सगळ्यात देखणी जागा.

आता ज्यावरून आमच्याकडं महिनाभर वाद चालला, ते ऐक. दोन पिनांत वरची कोणती आणि खालची कोणती? कागदावर क्षुल्लक. पण कलाची पिन हेडमध्ये ठेवली आणि हँडल जमिनीशी 45 अंशांत धरलं, तर 30 अंश पिळल्यावर हेड 22 अंश वळतं. तीच पिन वरच्या अंगात ठेवली, तर तेवढ्याच पिळाला 39 अंश! सोफ्याखाली हँडल 20 अंशांवर झोपवलं की पहिला क्रम फक्त 11 अंश देतो आणि दुसरा 59. दुकानात उभ्याउभ्या हात फिरवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरा एकदम चपळ वाटतो, म्हणून विक्रीवाल्यांचा जीव त्याच्यावर. माझं मत पहिल्याच्या बाजूनं आहे. जिथं हात सगळ्यात लांब आणि मनगट सगळ्यात दुबळं, नेमकं तिथंच दुसरा क्रम थोड्याशा पिळानं भरकटतो आणि त्यासाठी जोरही जास्त मागतो. आणि उंचीचं काय? बुटका माणूस तेच हँडल जास्त आडवं धरतो. उंच माणसानं पास केलेलं यंत्र त्याच्या बायकोला वेगळंच वागवणार.

जोर लागतो तो कशाला, तेही सांगतो. हेडचं तोंड 28 बाय 4 सेंटीमीटर धर आणि आतली ओढ दोन किलोपास्कल. म्हणजे नुसती हवाच हेडला सव्वादोन किलोनं खाली दाबते, वजन वेगळं. युरोपीय युनियननं मोटरवर मर्यादा आणली, सप्टेंबर 2014 पासून 1600 वॉट आणि 2017 पासून 900. तेवढ्यात धूळ ओढायची तर तोंड जमिनीशी घट्ट बसवण्याचा मोह होतो, आणि घट्ट बसलं की वळत नाही. आम्ही बाजूला हवेच्या फटी ठेवल्या, चाकं मध्याकडं सरकवली. मध्याजवळची चाकं वळताना कमी घासतात. उभ्या गाडीचं स्टिअरिंग जड आणि चालत्या गाडीचं हलकं, तसंच इथंही आहे. म्हणून आम्ही चाचणीत हात थांबू देत नाही. चाचणीचं कार्पेट विल्टन विणीचं असतं. विल्टन हे गाव विल्टशायरमधलं आणि डायसन कंपनीचं माम्सबरी गावही तिथलंच. धूळ आणि झाडू एकाच जिल्ह्यात.

अजून कुलूप राहिलं. उभं करून ठेवलं की सांधा बंद व्हायला हवा, नाहीतर यंत्र कोलमडतं. त्या कुलुपात थोडा जरी खेळ राहिला तरी लोकांना वाटतं वस्तू तकलादू आहे. त्यावर अजून काम चालू आहे.

तर कामाचं बोलतो. दोन्ही क्रम एकाच यंत्रावर आलटून पालटून लावून म्हाताऱ्या माणसांच्या हातात द्यायचे आहेत. त्यासाठी ॲल्युमिनियमचे दोन योक, म्हणजे पिना धरणारे भाग, तुझ्याकडून मशिन करून हवेत, मधलं भोक 38 मिलिमीटरचं. ड्रॉइंग मेलवर टाकतो. पिनांचे अक्ष एकमेकांना बरोबर छेदले पाहिजेत. तिथं अर्धा मिलिमीटर गेला की वळताना हेड गचके खातं आणि मी विक्रीवाल्यांपुढं हरतो. पोरांवर सोडू नकोस, तू स्वतः उभा राहा. भाव मित्राचा लावायचा नाही, पैसे कंपनीचे आहेत. वहिनींना नमस्कार, आणि दादांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
रघू