जिनीच्या मालिकांना नावं ठेवू नका, आपल्याकडे एक तरी करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की जिनी, परी, जादूचा दिवा असल्या मालिका बघून मुलं आळशी होतात, सगळं फुकट मिळतं असं त्यांना वाटायला लागतं आणि चॅनलवाल्यांनी हे बंद करावं. त्यांची काळजी मला समजते, मी पण आई आहे. पण त्यांनी यातली एक तरी मालिका मुलांच्या बाजूला बसून शेवटपर्यंत बघितली असेल असं वाटत नाही, कारण इच्छा मागितली आणि सुखासुखी मिळाली असं त्यात होतच नाही, तसं झालं तर एपिसोड पाच मिनिटांत संपेल.

२००६ मध्ये इंग्लंडमध्ये निकलोडियन या मुलांच्या चॅनलवर 'जिनी इन द हाऊस' सुरू झाली. आई नसलेलं घर, बाबा आणि सोफी-एमा या दोन मुली, नव्या घराच्या माळ्यावर त्यांना सोनेरी दिवा मिळतो आणि त्यातून अदिल नावाचा जिनी बाहेर येतो. हा जिनी अजून शिकाऊ आहे, सगळी गंमत तिथेच आहे. त्याला आपल्या जगातलं काही कळत नाही, पोरींनी जे म्हटलं ते तो जसंच्या तसं करून टाकतो आणि मग सगळं घर ते निस्तरत बसतं. २०१५ ची 'शिमर अँड शाईन' तर अगदी लहान मुलांसाठीची कार्टून मालिका, त्यात लिया नावाच्या मुलीला दिवसाला तीन इच्छा मिळतात, पण तिच्या दोन्ही जुळ्या जिनी शिकाऊच, त्यामुळे तिला हवं असतं एक आणि समोर येतं भलतंच, आणि तिन्ही इच्छा संपल्या की समोर जे पडलंय त्यातूनच डोकं चालवून मार्ग काढायचा. आता यात आळस कुठे शिकवला सांगा? मला तर वाटतं बोलण्याआधी विचार कर हे आम्ही घरात शंभरदा सांगतो आणि मुलांच्या कानात शिरत नाही, ते इथे हसत हसत शिरतं.

आणि हे काही परदेशातून आलेलं नवीन खूळ नाही हो. आपल्या पुराणात वर मागण्याच्या गोष्टी भरल्या आहेत आणि त्या सगळ्या शब्दांवरच चालतात. हिरण्यकश्यपूने दिवसा नको रात्री नको, घरात नको बाहेर नको, माणसाकडून नको जनावराकडून नको असं सगळं घट्ट बांधून घेतलं आणि तरी फट राहिलीच. भस्मासुराने मागितलेला वर त्याच्याच डोक्यावर आला. सावित्रीने यमाकडे शंभर पुत्र मागितले आणि यम तथास्तु म्हणून अडकला, वटपौर्णिमेला आम्ही वडाला फेरे घालतो ती बाई मागण्यात किती हुशार होती हे मुलींना सांगायला पाहिजे. कल्पवृक्षाखाली बसलेल्या वाटसरूची गोष्ट तर माझ्या आजीने पण सांगितली, जेवण मागितलं आलं, बिछाना मागितला आला, मग मनात आलं इथे वाघ आला तर, आणि वाघ आला. याला कोणी अंधश्रद्धा म्हणून बंद करा म्हणत नाही मग दिव्यातल्या जिनीवरच राग का?

अल्लादिनची गोष्ट सुद्धा कशी फिरत आली बघा, हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या माणसाने ती १७०९ मध्ये पॅरिसमध्ये गालां या फ्रेंच लेखकाला सांगितली, ती घडते म्हणे चीनमध्ये, आणि त्यात तीनच इच्छांची अट पण नाही. म्हणजे ज्याने त्याने आपल्या पद्धतीने सांगितली. मग आपण गोव्यात का सांगू नये?

माझं खरं म्हणणं हे आहे. आपल्याकडे हिंदीत 'सोन परी' २००० साली आली, 'जिनी और जूजू' २०१२ मध्ये, 'अलादीन नाम तो सुना होगा' २०१८ मध्ये, पण गोव्यातल्या मराठी मुलांना आपल्या घरातल्या बोलीत, आपल्या अंगणात घडणारं असं काही बघायला मिळत नाही. आणि याला पैसा लागतो असं म्हणू नका. १९६५ ची अमेरिकन जिनीची मालिका आठवा, त्यात वस्तू गायब कशी व्हायची? कॅमेरा थांबवायचा, नटांनी हलायचं नाही, वस्तू उचलायची, कॅमेरा परत सुरू. ही युक्ती त्याहूनही जुनी, आज शाळेतली पोरं मोबाईलवर करतात. एक घर, एक दिवा, चार मुलं, बस.

आणि नट कुठून आणायचे हा प्रश्न गोव्यात कोणी विचारू नये, इथे जत्रेला नाटक झालं नाही असं देऊळ शोधून सापडणार नाही, फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी, गावागावात रात्रभर उभी राहणारी माणसं आहेत. पणजी दूरदर्शनने मनावर घेतलं आणि कला अकादमीने बालनाट्यवाल्यांना हाताशी दिलं तर अर्ध्या तासाचे थोडेच एपिसोड करा, पण करा.

विषय तर इथे पडलेत. समजा एका पोराने मागितलं की रोज चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, असू दे. पहिले दोन दिवस मजा, नेवऱ्या (म्हणजे करंज्या), फटाके, पाहुणे. मग आई नेवऱ्या तळून तळून दमली, बाबांना रोज गणपतीच्या वर रानफळांची माटोळी बांधायची पण रानातली फळं संपली, शाळा बंदच, आरत्या म्हणून घसा बसला, नेवरी बघितली की सगळे तोंड फिरवतात, आणि गणपती पोचवून आलो की परत सकाळी चवथ. आता हे उलटवायचं कसं, कारण जिनी म्हणतो मागितलेलं मागे घेता येत नाही. बघा, यात हसू पण आहे आणि आमची भुरगी विचार पण करतील. दुसरं, पावसाला कंटाळून कोणी मागितलं की जूनमध्ये पाऊस नको, तर शेतं, विहिरी, सगळ्यांचं काय होतं ते दाखवा.

आपल्याला एक विनंती, रविवारच्या मुलांच्या पानावर एकदा विषय द्या, जिनी आमच्या वाड्यावर आला तर. दुसरी-तिसरीपासूनच्या मुलांना लिहू द्या, मोठ्यांनी दुरुस्त न करता पाठवायचं असं स्पष्ट छापा, आणि आलेल्या गोष्टी एकत्र करून पणजी दूरदर्शनला पाठवा. माझी दोघं लिहायला बसलीच आहेत.

आपली नियमित वाचक,
एक आई, डिचोली