नाना, तुमचा मँड्रेल अजून माझ्याकडेच आहे

नाना, नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "बरं बरं, ऱ्हाऊ दे" म्हणून फोन ठेवून देता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. दुसरं कारण असं की माझ्यासारखी अजून बरीच पोरं घरच्या शेडमध्ये जुनं मिलिंग मशीन (फिरत्या कटरने लोखंड कापून आकार देणारं) आणायचं डोक्यात घेऊन फिरताहेत, तुम्ही मला जे दाखवलं ते त्यांनाही कळू दे.

ओळख तरी काय आपली, आमच्या पतसंस्थेतल्या सहकाऱ्याचे तुम्ही मामेसासरे, एवढीच. तरी तुम्ही ७६ व्या वर्षी धुळ्याहून तीनदा आलात, गाडीभाड्याचं विचारलं तर म्हणालात एसटीत मला आता तिकीटच नाही, तू कसले पैसे देतो.

पहिली खेप ते हायवेवरच्या गोडाऊनमधलं मशीन बघायला. खरं सांगतो नाना, मी त्या दिवशी बयाणा द्यायच्या तयारीनेच आलो होतो, खिशात वीस हजार होते. मशीन इतकं चकाचक, हिरवा रंग ताजा, हँडल पॉलिश केलेली, आणि डीलर सारखा म्हणत होता ओरिजिनल अमेरिकन ब्रिजपोर्ट कंपनीचं आहे, एक लाख साठ हजार, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. मी घाईघाईने भाव करायला लागलो तेव्हा तुम्ही माझा हात धरून बाजूला घेतलं आणि म्हणालात, "घाई कसाले करी ऱ्हायना भो, मशीन काय पयी जाई ऱ्हायनं का."

मग तुम्ही काय केलं ते मला अजून जसंच्या तसं दिसतं. मशीन चालू करा असं म्हणालाच नाहीत. आधी ऑइल निपल शोधले, एकावर नख घासलं, रंगाची पापडी निघाली आणि आत निपलची गोळी रंगाने चिकटून बसलेली. तुम्ही हळूच म्हणालात, रंग मारला त्याला तेल द्यायचं ठाऊक नाही, आणि रंगाच्या आधीही किती दिवस तेल गेलं नसेल देव जाणे. टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये, म्हणजे काम बांधायच्या खाचांतसुद्धा रंग होता. नंतर डायलवरच्या रेघा मोजल्या, २५० निघाल्या, एक रेघ ०.०२ ची, म्हणजे एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकतं, मशीन मेट्रिक. इंची मशीन असतं तर डायलवर २०० रेघा असत्या, एक रेघ एक थाऊची म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाची, आणि एक फेरा ०.२ इंचाचा म्हणजे ५.०८ मिमी. मी लगेच म्हटलं मग हे डुप्लिकेटच, तर तुम्ही तिथेही थांबवलं. म्हणालात मेट्रिक आहे म्हणून कॉपी असं होत नाही, अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट शहरात पहिलं मशीन १९३८ मध्ये विकलं गेलं हे खरं, पण पुढे ही मशीनं इंग्लंडात लेस्टरलाही बनायची, त्यामुळे मेट्रिक ब्रिजपोर्टही असतं. बघायचं ते नंबर. हेडवर (मोटर असलेल्या वरच्या भागावर) वेगळा नंबर असतो, बॉडीवर वेगळा. इथे प्लेटची जागा पुट्टीने भरून वर रंग मारलेला होता. तुमचं म्हणणं मला फार पटलं, की कॉपी असणं हा काही गुन्हा नाही, अर्ध्या जगाने या मशीनची कॉपी केलीय आणि त्यातल्या कित्येक चांगल्या चालतात, पण कॉपीला ओरिजिनलचे पैसे द्यायचे नाहीत.

खरा निकाल मात्र डायल गेजने लावला, बारीकशी हालचालही सुईने दाखवणारं ते. तुमच्या त्या जुन्या खाकी पिशवीतून बनियनच्या कापडात गुंडाळलेलं गेज निघालं, मॅग्नेट बेस कॉलमला लावला, सुई टेबलाच्या टोकावर टेकवली आणि मला म्हणालात दोन्ही हातांनी टेबल वर उचल. सुई ६ थाऊ हलली, म्हणजे ०.१५ मिमी. मग जिब, म्हणजे टेबलाचा ढिलेपणा घेणारी पाचर, आवळायला सांगितली. टेबल मधोमध असताना आवळली तर तिथे छान बसलं, पण टोकाकडे नेताना हँडल फिरेचना, तिथे एकदम टाइट. तेव्हा तुम्ही जे सांगितलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. व्हाइस (काम पकडायचा शिकंजा) टेबलाच्या मधोमध बांधलेला असतो, वर्षानुवर्षं काम मधेच होतं, म्हणून वेज (ज्यांवर टेबल सरकतं त्या पट्ट्या) मधेच झिजतात आणि टोकं नव्यासारखी राहतात. असं मशीन जिबने सुधारत नाही, मधे आवळलं तर टोकाला अडकतं, टोकाला मोकळं केलं तर मधे खेळतं. ते वेज परत हाताने खरडून (स्क्रेपिंग) सारखे करून घ्यावे लागतात आणि तो खर्च मशीनच्या किमतीला भिडतो. हे सगळं तुम्ही डीलरसमोर एक शब्दही वाकडा न बोलता केलं, त्याचा चहा घेतला, त्याच्या पोराची चौकशी केली आणि आपण उठलो. रस्त्यात मी नाराज होतो हे तुम्हाला कळलं होतं, पारोळ्याला उतरून तुम्ही मला भजी खाऊ घातली, तेव्हाही पैसे तुम्हीच दिले.

दुसरं मशीन तुमच्याच ओळखीने कळलं, जळगाव एमआयडीसीतलं ते बंद पडलेलं शेड. मला ते आधी बघवेना. वर जाळी, जुन्या तेलाचा काळा चिकट थर, टेबलावर दोन ठिकाणी ड्रिल लागल्याचे खड्डे. पण तुम्ही रॉकेलच्या बोळ्याने 'नी'चे (टेबल वरखाली नेणाऱ्या भागाचे) वेज पुसले आणि मला खाली बसवून टॉर्च तिरका धरायला लावला, आणि त्या उजेडात स्क्रेपिंगच्या खुणा दिसल्या, बारीक चंद्रकोरीसारख्या, एकीला लागून एक, अगदी वरपर्यंत. या खुणा जिथे शिल्लक तिथे झीज कमी, आणि त्यांच्यात तेल धरून राहतं. बाहेरून काळं मशीन आतून इतकं जपलेलं असू शकतं हे मला तुम्ही टॉर्च धरायला लावला नसता तर कधीच कळलं नसतं. प्लेट जागेवर होती, पंजाबातल्या बटालाचं मशीन, बाजारात ज्याला एम-वन-टीआर म्हणतात तसलं टरेट (हेड वळवता येणारं) मिलिंग. गेज लावलं, उचललं, सुई दीड थाऊच्या आत.

आणि स्पिंडल, कटर धरून फिरवणारा भाग! इथे तर तुम्ही माझे आठ हजार वाचवले. विकणाऱ्याने सांगितलं होतं स्पिंडलचा टेपर (कटर बसायचं निमुळतं भोक) आर-८ जातीचा आहे, मी आदल्या रात्रीच आर-८ कोलेटचा (कटर पकडायच्या चिमट्यांचा) सेट ऑर्डर करायला काढून ठेवला होता, फक्त पेमेंट बाकी होतं. तुम्ही खालून बघितलं आणि म्हणालात हा आर-८ नाही, आयएसओ ३० आहे. मला फरकच दिसेना. तेव्हा तुम्ही समजावलं की तोंडाशी दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखाच, सव्वा इंच, टेपरचा कोनही नजरेला सारखाच, म्हणून भलेभले फसतात. पण आयएसओ ३० च्या स्पिंडलच्या तोंडावर समोरासमोर दोन चाव्या असतात, कटरला धरून फिरवायला. आर-८ ला तोंडावर चाव्या नसतात, आत एक छोटी पिन असते, आणि टेपर संपला की वर सरळ बोअर लागतं साधारण २४ मिमीचं. ड्रॉबारचा (वरून खेचून धरणाऱ्या दांड्याचा) आटासुद्धा वेगळा, आर-८ ला ७/१६ इंच. तो आयएसओ ३० चा टेस्ट मँड्रेल (स्पिंडलमध्ये बसवून माप तपासायचा अचूक दांडा) तुम्ही पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात तेल लावून आणला होता, म्हणजे तुम्हाला आधीच शंका होती ना? टेपर तुम्ही आधी बोटाने पुसला, मग कापडाने, मग परत बोटाने, कपची राहिली तर सगळं माप खोटं म्हणालात. मँड्रेल बसवून हाताने स्पिंडल फिरवला, सुई जवळजवळ गप्प.

नंतर जनरेटरवर मशीन वरच्या स्पीडला वीस मिनिटं चालवलं आणि तुम्ही पूर्ण वेळ बेअरिंगच्या जागेवर तळवा ठेवून उभे होता, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. कोमट झालं, तापलं नाही. एक लाख पंधरा हजारात सौदा झाला, तोही तुम्ही केला.

अमळनेरला आणतानाची धावपळ तर मी विसरणार नाही. मी छोटा हत्ती ठरवला होता, तुम्ही रद्द करायला लावला, मशीन टनाच्या आसपासचं आणि सगळं वजन वर. नी पूर्ण खाली, रॅम (हेड पुढेमागे नेणारा भाग) मागे, हेड फिरवून मोटर खाली, टेबल आणि हेडच्या मधे बाभळीचा ठोकळा, हे सगळं करूनच हायड्रा क्रेनचा पट्टा लावू दिला. मोठा पिकअप धरणगावमार्गे चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हणून तुम्ही स्वतः ड्रायव्हरशेजारी बसलात. आमच्या गल्लीत हायड्रा शिरत नाही, तिथे पाइपचे तुकडे आणि पहारी, गल्लीतले आठ जण, आणि तुम्ही खुर्चीवर बसून "हळू, हळू, आते थांबा". आईने त्या दिवशी भरीत आणि कळण्याची भाकर केली होती. ती अजून म्हणते त्या नानांनी कामापायी गरम भाकर गार करून खाल्ली, परत बोलव त्यांना.

घरात सिंगल फेज, शेतात थ्री फेज आहे पण ठरलेल्या तासांनाच, त्यामुळे व्हीएफडी (सिंगल फेजवर थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह) घ्यावा लागला. तोही बसलाय. तुम्ही सांगितलं तसं मोटरची प्लेट बघितली, दोन एचपी, ४१५ व्होल्टला स्टार जोडणी, सहाही वायरी बाहेर होत्या म्हणून डेल्टा जोडणीत जोडून घेतली, कारण व्हीएफडीतून २३० व्होल्टच निघतात. स्टारमध्येच ठेवली असती तर मोटरला जोरच आला नसता.

आणि परवा रात्री पहिलं काम केलं नाना. वडिलांच्या डिझेल इंजिनच्या पंपाचा शाफ्ट, त्यात ८ मिमीचा कीवे (चावी बसायची खाच). हेड आधी ट्रॅम केलं, म्हणजे टेबलाशी काटकोनात आणलं, तुम्ही दाखवलं तसं, गेज गोल फिरवून चारी बाजूंना. कपच्या निळसर, सारख्या निघाल्या, चावी हाताने दाबून बसली, हातोडी लागली नाही. वडील दारात उभे होते, त्यांनी शाफ्ट हातात घेऊन बराच वेळ बोट फिरवलं त्या कीवेवरून. काही बोलले नाहीत, पण सकाळी शेतात जाताना तो शाफ्ट स्वतः पिशवीत घालून घेऊन गेले.

नाना, खूप आभार. मँड्रेल तेल लावून त्याच पाइपमध्ये ठेवलाय. तुम्ही म्हणालात कुरिअर कर, पण तो मी कुरिअरवाल्याच्या हातात देणार नाही. रविवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला घेऊन येतो, सोबत आईने बांधून दिलेलं भरीत आहे, तेव्हा काकूंना सांगा त्या दिवशी भाजी टाकू नका.