कस्टमर केअरच्या पोरी पाठ केलेलं का बोलतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत शहापूरच्या एका काकांचं पत्र आलं होतं. बँकेच्या कस्टमर केअरला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा वेगळी मुलगी, तिन्ही वेळा तेच पाठ केलेलं बोलणं, काम काही झालं नाही, आणि शेवटी त्यांनी लिहिलं होतं की असले पगारी पोपट पाळण्यापेक्षा सरळ मशीन बसवा. ते पत्र आमच्या घरी बाबांनी मोठ्यानं वाचलं आणि वाचून झाल्यावर माझ्याकडं बघून गप्प बसले. मी सहा वर्षं हेच काम करते, आधी चार वर्षं पुण्यात आणि आता दोन वर्षं इथंच बेळगावात. काकांच्या बँकेचं काम आमच्याकडं नाही, दुसऱ्या बँकेचं आहे, पण त्यांचा राग मला कळतो, आणि त्या तीन पोरींनी तसं का केलं ते पण मला माहीत आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्याकडं फोन उचलायचा नसतो. कानात एक बीप वाजतो आणि समोरचा माणूस थेट कानात येतो, तो ओरडत असला तर ओरडतच येतो. त्या क्षणापासून स्क्रीनच्या कोपऱ्यात सेकंद पळायला लागतात. याला एएचटी म्हणतात, म्हणजे एका कॉलला सरासरी किती वेळ लावायचा, आणि आमच्या प्रोसेसला, म्हणजे मी ज्या कामावर आहे त्याला, तो ३०० सेकंद आहे. पाच मिनिटं. त्यात नाव, जन्मतारीख, बाकीचं विचारून व्हेरिफिकेशन करायचं, त्यात एक प्रश्न जरी राहिला तर अख्ख्या कॉलला शून्य मार्क, मग तुम्ही बाकी कितीही चांगलं बोललेला असा. मग अडचण ऐकायची, दोन-तीन वेगवेगळ्या सिस्टीम उघडून बघायचं, त्यातली एक तरी अडकलेली असतेच, तोवर गप्प राहायचं नाही कारण दहा सेकंद गप्प राहिलं की डेड एअर, म्हणजे रिकामी शांतता, धरतात, आणि कॉल संपला की नोंद टाकायला अर्धा मिनिट, लगेच पुढचा बीप. नऊ तासांच्या शिफ्टला ब्रेक सगळा मिळून एक तास. पाणी बेतानं प्यायचं हे नव्या पोरी पहिल्याच आठवड्यात शिकतात, कुणी शिकवायला लागत नाही.

आता पाठ केलेल्या बोलण्याचं. काका, ती वाक्यं आमची नाहीत. वरून लिहून येतात, आणि ती मराठी असली तरी आपल्याकडं कुणाच्या घरात बोलली जात नाहीत. 'आपल्याला झालेल्या असुविधेबद्दल आम्ही दिलगीर आहोत', 'मी आपली आणखी काही सहायता करू शकते का'. असुविधा म्हणजे काय हे मला एका आजोबांनी सरळ विचारलं होतं. मी म्हणलं, त्रास झाला ना तुम्हाला, ते. मग व्हय की, म्हणाले. त्या कॉलला माझे मार्क कापले, कारण त्रास हा शब्द निगेटिव्ह आहे असं क्वालिटीवाल्यांचं, म्हणजे कॉल ऐकून मार्क देणाऱ्यांचं, म्हणणं. आणि ते शेवटचं सहायता वालं वाक्य न म्हणता कॉल ठेवताच येत नाही. ज्या माणसाचे ४२ हजार दहा मिनिटांपूर्वी गेलेत, जो फोनवर रडतोय, त्याला पण शेवटी विचारायचं की आणखी काही सहायता करू का. मी ते विचारलंय. त्याच्या बाजूनं काय वाटलं असेल हे मला त्या रात्री झोप लागेपर्यंत कळत होतं.

पुण्यात ट्रेनिंगला पहिल्यांदा माझं 'मी सांगतो' तोडलं. आपल्याकडं बायका पण मी येतो, मी जातो, मी बघून सांगतो म्हणतात, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तिथं सगळी बॅच हसली. दोन महिने लागले मला 'सांगते' तोंडात बसायला, आणि अजून दमलेल्या कॉलला मधूनच 'थांबा हां काका, बघून सांगतो' निघून जातं. पण खरं सांगू, तेच निघालं की समोरचा माणूस सैल होतो. एकदा खानापूरकडच्या एक मावशी बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, बेळगावची काय गं पोरी तू? आम्हाला स्वतःची माहिती द्यायची परवानगी नाही. मी होय म्हणलं. त्यानंतर त्यांनी एकही प्रश्न परत विचारला नाही, मी सांगेन तसं करत गेल्या, अॅपमध्ये कुठलं बटण दाबायचं ते सगळं, आणि साडेतीन मिनिटांत कॉल संपला.

बाबांना माझं काम सगळ्यात आधी कळलं, आईला अजून ते फोनवर बोलायचं काम वाटतं. बाबा उद्यमबागमध्ये फौंड्रीत होते, सव्वीस वर्षं. त्यांना शिफ्टला किती जॉब, म्हणजे साच्यात ओतलेले भाग, काढले ते मोजायचे, मला किती कॉल घेतले ते मोजतात. मी त्यांना एएचटी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की रिजेक्शन कोण मोजतं? म्हणजे काय, तर साच्यात घाईनं ओतलं की जॉबमध्ये ब्लोहोल राहतं, वरून जॉब चकचकीत दिसतो, पुढं मशीनवर घेतला की आत पोकळी निघते, आणि मग मोजलेला जॉब वाया. आमच्याकडं तेच चालतं. पाच मिनिटांत बसवायला म्हणून कॉल कसाबसा बंद केला की तोच माणूस तासाभरानं परत फोन लावतो, तो दुसऱ्या पोरीला लागतो, ती पहिल्यापासून विचारते, त्याला वाटतं या सगळ्या पोपट आहेत. काकांचे तीन कॉल म्हणजे तीन ब्लोहोल. त्या पोरींच्या स्क्रीनवर मात्र ते तीन कॉल वेळेत संपलेले, तिन्ही हिरवे दिसले असणार.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. मी स्वतः केलंय. मागच्या पावसाळ्यात महिनाअखेर होती, माझा एएचटी ३४० वर गेलेला, टीएल, म्हणजे टीम लीडर, मागं उभा, आणि एका आजींचा कॉल आला. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज आला नाही, पासबुक भरायला जायचं तर रस्त्यावर पाणी, एवढंच त्यांना विचारायचं होतं, पण जन्मतारीख त्यांना येत नव्हती. आधारवर एक, त्यांच्या लक्षात दुसरी. खरं तर थांबून आधार घेऊन या म्हणायचं, त्या कार्ड शोधून आणेपर्यंत थांबायचं, दोन-चार मिनिटं गेली असती. मी २८० सेकंदाला 'कृपया आपल्या शाखेला भेट द्या' म्हणलं आणि कॉल बंद केला. संध्याकाळी सहज नोंद बघितली तर आजींनी त्या दिवशी आणखी चार वेळा फोन लावलेला. चारही वेळा व्हेरिफिकेशन फेल. पैसे आदल्या दिवशीच जमा झाले होते. त्या नंबरवर आम्हाला उलट फोन करता येत नाही, सिस्टीमच नाही तशी. ते मला अजून लागून राहिलंय.

शिव्यांबद्दल फार लिहीत नाही. रोज खाल्ल्या जातात, रात्रीच्या शिफ्टला जास्त. आम्ही लगेच कॉल कापू शकत नाही, दोनदा सांगावं लागतं की सर असं बोललात तर कॉल बंद करावा लागेल, तोवर ऐकायचं, आणि नंतरच्या बीपला आवाज हसरा पाहिजे. तो आवाज मी कसा आणते हे मला विचारू नका, सहा वर्षांनी तो आपोआप येतो, आणि घरी आल्यावर आईशी बोलायला आवाज राहत नाही.

तरी मी हे काम सोडलेलं नाही आणि सोडायचं मनात पण नाही, त्याची कारणं आहेत. फसवणुकीचे कॉल हे एक. कुणीतरी बँकेतून बोलतोय म्हणून ओटीपी काढून घेतो आणि दहा मिनिटांत खातं रिकामं. असा माणूस फोनवर आला की त्याचे हात थरथरतात ते आवाजात ऐकू येतं. तेव्हा आधी कार्ड आणि खातं ब्लॉक करायचं, आणि त्याला सांगायचं की आत्ताच्या आत्ता १९३० ला फोन लावा, तो सरकारचा सायबर फसवणुकीचा नंबर, कारण पैसे चोराच्या खात्यातून पुढं सरकायच्या आधी कळवलं तर वाटेत अडवता येतात. दोन वर्षांपूर्वी अथणीकडच्या एका दुकानदाराचा असा कॉल आला, ऊस बिलाचे पैसे नुकतेच जमा झालेले. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली. त्यांच्या पैशांचा मोठा भाग वाचला. पंधरा दिवसांनी त्यांनी परत फोन लावला, फक्त ती बेळगावची पोरगी पाहिजे म्हणून, आमच्याकडं असं जोडून देता येत नाही, पण ज्या मैत्रिणीला तो कॉल लागला तिनं नोंदीत लिहून ठेवलं, ग्राहकाने आभार मानले आहेत. ती नोंद मी अजून अधूनमधून उघडते.

दुसरं म्हणजे भाषा. पुण्यात मी मराठी आणि हिंदी घ्यायची, इथं कन्नड पण घेते. बैलहोंगलकडच्या एका आजींचं बंद पडलेलं कार्ड चालू करून दिलं तर म्हणाल्या, निन्न होट्टी तण्णगिरली. तुझं पोट थंड राहो. आमची आजी मराठीत जे म्हणायची तेच. बाहेर बोर्डावरून, कागदपत्रांवरून आम्हा मराठी माणसांना जे सोसावं लागतं ते मला माहीत आहे, १ नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, आमच्या घरात काय असतं ते पण मी बघत मोठी झालेय, त्यावर माझं मत बदललेलं नाही. पण हेडसेटमध्ये जी आजी येते तिला तिच्या भाषेत उत्तर मिळालं पाहिजे, हे मला त्याच सोसण्यातून कळलंय. आणि एक लिहायचंच आहे, आम्ही बेळगावची पोरं तीन-चार भाषांत काम करतो म्हणून कंपन्या आम्हाला उचलतात, पण पगार एका भाषेचाच देतात. भाषेचा वेगळा भत्ता मागितला की तुम्हाला तर घरातूनच येतं म्हणतात.

भाषेवरून बाहेर तणाव झाला की आमच्याकडं त्याचा फटका वेगळाच बसतो. माझ्या शेजारी बसणारी पोरगी महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून रोज शिनोळीमार्गे येते. २०२५ च्या फेब्रुवारीत दोन्ही राज्यांच्या बस बंद झाल्या तेव्हा ती पहिल्या दिवशी वाट बघत थांबली, दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी दुचाकीवर आली, आणि दोन्ही दिवसांचा पगार कापला, दुसऱ्या दिवशीचा का तर लॉगिनला पन्नास मिनिटं उशीर. त्या दिवशी तिनं किती कॉल घेतले हे कुणी विचारलं नाही.

शहापूरच्या काकांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना माझं सांगणं एवढंच. फोन लावताना आधार, पासबुक, चष्मा जवळ घेऊन बसा. मुलीनं काही सांगितलं की कॉल ठेवायच्या आधी तक्रारीचा नंबर मागून घ्या आणि तारखेसकट लिहून ठेवा, नंबर मागितला की आम्हाला तक्रार नोंदवावीच लागते, नुसतं बोलून सोडता येत नाही. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्यांचा माहितीचा नंबर १४४४८. तुम्ही न केलेला व्यवहार खात्यात दिसला तर तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवा, रिझर्व्ह बँकेच्या नियमात त्या तीन दिवसांना फार किंमत आहे, चूक तुमची नसेल आणि तेवढ्यात कळवलं तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही. बँकेचे खरे कामाचे कॉल आता १६०० नं सुरू होणाऱ्या नंबरवरून यायला लागलेत ते पण ध्यानात ठेवा. आणि ओटीपी कुणालाच सांगू नका, मला पण नाही, आम्ही तो कधीच विचारत नाही.

आणि कंपन्या चालवणाऱ्यांपैकी कुणी हा पेपर वाचत असेल तर त्यांना. सगळं घड्याळ काढा असं मी म्हणत नाही, रांगेत पुढचा माणूस थांबलेला असतो हे मला कळतं. पण साठीच्या पुढचा माणूस आणि फसवणुकीचा कॉल, हे दोन एएचटीतून बाहेर काढा. जन्मतारीख तुमच्या सिस्टीममध्ये आहेच, व्हेरिफिकेशन झालं की वय स्क्रीनवर दिसतं, तेव्हा सेकंद थांबवणं काही अवघड नाही. आणि व्हेरिफिकेशनलाच अडलेला म्हातारा माणूस असेल तर त्याला आधार शोधून आणायला पाच मिनिटं द्यायची मोकळीक आम्हाला द्या. एका माणसाला कितीदा फोन लावावा लागला तो आकडा आमच्या मार्कांत धरा, बाबांच्या भाषेत रिजेक्शन मोजा.

आपली,
एक कॉलसेंटर कर्मचारी,
अनगोळ, बेळगाव