आई, तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "लोकांच्या खात्यातून तुम्ही परस्पर पैसे काढता, आणि लोक काढू देतात?" मी घाईत होते. "अगं, तसं नसतं ते" एवढंच म्हणून फोन ठेवला. नंतर ते उत्तर मला खुपत राहिलं, कारण तसंच असतं ते. आम्ही लोकांच्या खात्यातून पैसे काढतो, आणि तू विचारलंस तेच माझ्या कामात सगळ्यांत आधी विचारायला हवं. म्हणून हे पत्र. लांबेल थोडं. बाबांना मोठ्याने वाचायला सांग, बँकेत चेक क्लिअरिंगला असतानाच्या दिवसांतलं बरंच काही त्यांना यात सापडेल.

माझं काम तुम्हाला साधारण ठाऊक आहे. ध्यानाची, योगाची, मौनाची निवासी केंद्रं असतात, त्यांच्यासाठीचं बुकिंगचं सॉफ्टवेअर मी लावून देते. कोणतं शिबिर, कोणती खोली, किती जागा उरल्या, कोणाला खालच्या मजल्यावरच खोली हवी, हे सगळं त्यात येतं. पैशांचा भाग माझ्याकडे आहे. केंद्रांकडून हल्ली एक मागणी हमखास येते: कार्डाबरोबर बँक डेबिटही, म्हणजे थेट बँक खात्यातून पैसे घेण्याची सोय, सुरू करून द्या.

त्यांचं म्हणणं बरोबर आहे. कार्डाने पैसे घेतले की सुमारे तीन टक्के मधल्यामधेच जातात. एका दिवसाच्या शिबिराला ते चालून जातं, पण महिनाभर राहायला येणाऱ्याची रक्कम मोठी असते आणि केंद्रं बहुधा देणग्यांवर चालतात. बँक डेबिटला खर्च बराच कमी येतो. शिवाय कार्ड हरवतं, त्याची मुदत संपते. खातं मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. हप्त्याने पैसे भरणाऱ्यांना आणि दरमहा देणगी देणाऱ्यांना ते सोयीचं पडतं.

बाबा, तुम्ही चेक डोळ्यांसमोर आणा. चेकवर खातेदार दर वेळी सही करतो आणि तो कागद फिरत फिरत त्याच्या बँकेत पोचतो. इथे कागद फिरत नाही. खातेदाराने आधी एकदा परवानगी दिलेली असते, तिला मँडेट म्हणतात. त्या परवानगीच्या जोरावर केंद्राच्या बाजूने त्याच्या बँकेकडे मागणी जाते. अमेरिकेत या व्यवस्थेला एसीएच म्हणतात, युरोपात सेपा, कॅनडात पॅड, ऑस्ट्रेलियात बेक्स. ब्रिटनमधली बॅक्स तर १९६८ सालापासूनची आहे. तुमच्या पासबुकात 'नॅच' अशी नोंद येते ना, तीही याच कुळातली.

आणि चेक टाकला म्हणजे तो वटला असं होत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? इथेही तसंच आहे. कार्डाचा होकार-नकार काही सेकंदांत कळतो. बँक डेबिटला मात्र वाट पाहावी लागते. बॅक्सचं चक्र तीन कामाच्या दिवसांचं असतं, एसीएचचा निकाल लागायला चार कामाचे दिवसही जातात. मध्ये शनिवार-रविवार आला की आणखी लांबतं. या मधल्या काळात सॉफ्टवेअरमध्ये त्या बुकिंगचं काय करायचं, जागा धरून ठेवायची का, 'तुमची जागा पक्की झाली' असा ईमेल पाठवायचा का, हे केंद्राला आधीच ठरवावं लागतं. बँक डेबिटचं बटण चालू करायला दोन मिनिटं लागतात. मला खरा वेळ लागतो तो हे ठरवून घ्यायला.

एकदा मी तो वेळ दिला नाही. ते तुम्हाला सांगितलेलं नाही, आज सांगते.

एक लहानसं केंद्र होतं, सात दिवसांची मौन शिबिरं घेणारं. मी त्यांना बँक डेबिट सुरू करून दिलं, चाचणी घेतली, सगळं हिरवं दिसलं आणि पुढच्या कामाला लागले. तीन गोष्टी मी होत्या तशाच सोडल्या. फॉर्म भरला की बुकिंग लगेच 'पक्कं' होत होतं. पैसे परत गेले तर सॉफ्टवेअर काही दिवसांनी आपोआप पुन्हा मागणी पाठवणार होतं. आणि प्रत्येक अपयशानंतर पैसे भरणाऱ्याला आपोआप ईमेल जाणार होता.

बाबा, तुमच्याच वयाच्या एका गृहस्थांनी शिबिराच्या तीन दिवस आधी बँक डेबिटने जागा घेतली. केंद्राच्या यादीत त्यांचं नाव पक्कं दिसलं. ते आले, त्यांनी फोन कपाटात जमा केला आणि मौनात बसले. तिकडे त्यांच्या खात्यातून त्याच सुमारास दुसरं कुठलं तरी देणं गेलं होतं, शिल्लक कमी पडली. मागणी परत आली. पहिला ईमेल गेला. मग सॉफ्टवेअरने पुन्हा मागणी पाठवली, तीही परत आली, दुसरा ईमेल गेला, पहिल्यापेक्षा कडक शब्दांत. दोन्ही वेळा त्यांच्या बँकेने शिल्लक नसल्याचा दंड कापला. आणि हे होत असताना तो माणूस डोळे मिटून बसलेला.

आई, तू मौन शिबिर केलंयस. शेवटच्या दिवशी बाहेर आल्यावर पहिला तासभर कोणाचा साधा आवाजही अंगावर येतो, असं तूच मला सांगितलं होतंस. त्या गृहस्थांनी सात दिवसांनी फोन हातात घेतला आणि सगळ्यांत वर ते दोन ईमेल होते. त्यांनी केंद्राच्या कार्यालयात जाऊन माफी मागितली. हो, त्यांनी माफी मागितली. आणि तिथेच चेक लिहून दिला. कार्यालयातल्या बाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "आमच्याकडे माणूस शांत व्हायला येतो हो," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर मी पद्धत बदलली. शिबिराला दहा दिवसांपेक्षा कमी उरले असतील, तर बँक डेबिटचा पर्याय दिसतच नाही. मग कार्ड वापरायचं. पैसे वटेपर्यंत यादीत 'पैसे येत आहेत' अशी वेगळी खूण राहते, जागा धरलेली असते पण पक्की नसते. मागणी परत आली तर पुन्हा पाठवण्याआधी माणसाने माणसाशी बोलायचं. नियमाप्रमाणे, शिल्लक नसल्यामुळे परत आलेली मागणी एसीएचमध्ये १८० दिवसांच्या आत आणखी दोनदाच पाठवता येते. नियम परवानगी देतो म्हणून लगेच दोन्ही संधी वापरून टाकायच्या नसतात, समोरच्याचा खिसा दर वेळी फाटत असतो. आणि जो आत बसलेला आहे, त्याला शिबिर संपेपर्यंत पैशांचा एकही ईमेल जात नाही. ही शेवटची गोष्ट कुठल्याही माहितीपुस्तिकेत नव्हती, ती मी प्रत्येक केंद्राशी बसून ठरवते.

बाबा, आता थोडं तुमच्यासाठी. अमेरिकेतल्या प्रत्येक बँकेला नऊ आकडी क्रमांक असतो, राउटिंग नंबर. तो १९१० सालापासून चालत आलाय आणि त्यात चुका पकडण्याची सोय आहे. पहिल्या आकड्याला ३ ने गुणायचं, दुसऱ्याला ७ ने, तिसऱ्याला १ ने, मग पुन्हा ३, ७, १ असं नऊ आकड्यांपर्यंत. सगळ्याची बेरीज दहाने निःशेष भागली गेली पाहिजे. आम्ही चाचणीला ११००००००० हा क्रमांक वापरतो: एक गुणिले तीन अधिक एक गुणिले सात, झाले दहा. बसलं की नाही? युरोपातल्या खाते क्रमांकाची परीक्षा ९७ ने भागून होते. तुम्ही बेरजा तोंडी करायचात, तुम्हाला हे आवडेल असं मला कधीचं वाटत होतं.

पण एवढ्याने खातं खरं आहे आणि त्याच माणसाचं आहे हे कळत नाही. त्यासाठी दोन वाटा आहेत. एक म्हणजे माणसाने तिथल्या तिथे आपल्या बँकेत लॉगिन करून खातं दाखवायचं. ज्याला ते नको असेल, त्याच्या खात्यात अगदी किरकोळ रकमा पाठवल्या जातात. एक-दोन दिवसांनी त्याने आपलं खातं बघून त्या रकमा, किंवा त्या नोंदीसोबत आलेला छोटा संकेत, आमच्या पानावर भरायचा. वयस्कर लोक बहुधा दुसरी वाट धरतात आणि मग परत यायचं विसरतात. त्यांची जागा अडकून राहते आणि त्यांना वाटतं आपलं काम झालं. म्हणून तिसऱ्या दिवशी आठवणीचा ईमेल आणि पाचव्या दिवशी केंद्राकडून फोन, एवढं मी लावूनच देते. फोनवर मात्र खाते क्रमांक विचारायचा नाही आणि कोणी सांगू लागलं तरी वहीत टिपायचा नाही. सॉफ्टवेअरमध्येसुद्धा केंद्राला शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणखी एक गोष्ट दिसायला लहान, पण तिने फार गोंधळ होतो: समोरच्याच्या बँकेच्या विवरणात आपलं नाव काय उमटतं. केंद्राला लोक एका नावाने ओळखतात आणि त्याची नोंदणी कुठल्यातरी जुन्या ट्रस्टच्या नावाने असते. महिन्याअखेरीस माणूस विवरण बघतो, अनोळखी नाव दिसतं, तो घाबरतो आणि बँकेला कळवतो की ही मागणी मी मान्य केलेली नाही. त्याचं काही चुकलेलं नसतं. तू असतीस तर तूही तेच केलं असतंस आणि करायलाच हवं होतंस. म्हणून मी पहिल्या दिवशी त्यांना विचारते, लोक तुम्हाला काय म्हणतात? तेच नाव बँकेच्या नोंदीत येईल असं बघते, आणि परवानगीच्या मजकुरातही तेच घालते.

आता तुझा प्रश्न, आई. लोक काढू का देतात?

कारण परवानगी देताना त्यांच्या हातून सगळं सुटत नाही. युरोपात सेपाने गेलेली रक्कम खातेदार आठ आठवड्यांपर्यंत काहीही कारण न देता परत मागू शकतो, आणि परवानगीच दिली नव्हती असं असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. कॅनडात वैयक्तिक खात्याला ९० दिवस मिळतात. अमेरिकेत बँकेने विवरण पाठवल्यापासून साठ दिवसांत खातेदाराने तक्रार करायची असते. ब्रिटनमध्ये तर मागणीत चूक झाली असेल, तर खातेदाराची बँकच त्याला पूर्ण पैसे लगेच परत देते, अशी हमी आहे. म्हणजे शिबिर होऊन गेल्यावर, खोली आवरून झाल्यावरही पैसे परत जाऊ शकतात. काही केंद्रांना हे ऐकून धक्का बसतो. मी ते मुद्दाम आधी सांगते. ज्याच्या खात्यातून आपण घेतो त्याच्या हातात एवढा अधिकार असायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

म्हणूनच परवानगीचा मजकूर मी स्वतः शब्दन् शब्द वाचते. किती रक्कम, एकदाच की हप्त्याने, कोणत्या तारखांना, बंद करायचं तर कोणाला कळवायचं. 'वेळोवेळी देय असलेली रक्कम' असं लिहिलेलं दिसलं की मी थांबते. तुला ते वाचून काही कळलं असतं का, असं मनाशी विचारते आणि केंद्राला पुन्हा लिहायला लावते. हप्ता कापायच्या आधी कळवायचं, तारीख बदलली तर पुन्हा कळवायचं. सेपामध्ये वेगळं ठरलेलं नसेल तर चौदा दिवस आधी सूचना द्यायची असते. ती सूचना साध्या भाषेत असावी यासाठी मी भांडतेसुद्धा.

परताव्याचं एकच सांगते. कोणी बुकिंग रद्द केलं, तर आधी त्याचे पैसे वटू द्यायचे आणि मगच परत करायचे. घाईने परत केले आणि तिकडून बँकेनेही फिरवले, तर केंद्राच्या खात्यातून तेच पैसे दोनदा जातात.

एवढं लिहिताना सारखं मनात येत होतं की तुमच्या खात्यावर अशा किती परवानग्या आहेत, हे मला माहीत नाही. विमा असेल, कुठली वर्गणी असेल, बाबांनी कधीतरी सही करून दिलेला फॉर्म असेल. येत्या रविवारी मी सकाळी फोन करते. बाबा, गेल्या वर्षभराचं पासबुक भरून आणून ठेवा. आई, तू वही-पेन घेऊन बस. एकेक नोंद वाचत जाऊ. ज्या नावाची ओळख पटणार नाही, त्यापुढे खूण करायची. मग कुठली बंद करायची ते तू सांग.

तुमची,
मनू