खाला, अब्बा आता स्वतःच्या हाताने जेवतात

आदरणीय खाला,

सलाम.

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं, तर "अगं, त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही ते फ्रिजवर ठेवून दिलं असतं. म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. शेजारच्या मावशी, म्हणजे आमच्या खाला, एवढंच पुरे. पुण्यात कोंढव्याला आमच्या बिल्डिंगमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

मार्चमध्ये अब्बांना लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. एसटीचं स्टेअरिंग धरण्यात ज्या हाताचं आयुष्य गेलं, तो चादरीवर नुसता पडून असायचा. दवाखान्याने त्यांचा जीव वाचवला, ते उपकार मी विसरणार नाही. पण घरी सोडताना आहाराचा म्हणून जो छापील कागद मिळाला, त्यावर पहिलीच ओळ होती, 'मांसाहार पूर्ण बंद'. चिकनचं पातळ सूप तरी चालेल का, असं मी विचारलं, तर समोरच्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुम्हाला सांगून उपयोग नसतो, तेलातच पोहता तुम्ही लोक." ते 'तुम्ही लोक' अजून कानात आहे.

मग डबे लावून पाहिले. एकाच्या पाटीवर ठळक अक्षरात हलाल लिहिलेलं. मटण कुठून आणता एवढंच विचारलं तर त्याने फोन ठेवला. डबा उघडला की वर बोटभर लाल तवंग. दुसरीकडून राखाडी रंगाची गार खिचडी यायची. तक्रार केली तर म्हणे, "पेशंटला चव कशाला हवी?" अब्बा दोन चमचे खाऊन तोंड फिरवायचे. मला वाटायचं, भूकच मेली असेल.

तुम्ही आलात, पाच मिनिटं बसलात आणि दोन प्रश्न विचारलेत. पहिला, डॉक्टरांनी नक्की काय बंद केलंय, मटण की मीठ? दुसरा, तुमच्याकडे कोळंबी खातात ना? आम्ही हनफी, तुम्ही दापोलीकडच्या शाफई, म्हणजे इस्लामी शरीयतीच्या दोन वेगळ्या परंपरांच्या. तुमच्याकडे समुद्रातलं सगळं चालतं, आमच्यातले कित्येक जण कोळंबीला हात लावत नाहीत. कोणाच्या घरात काय चालतं हे पाठवण्याआधी विचारावं, हे त्या पाटीवाल्याला सुचलं नव्हतं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनाच विचारलं, तर ते म्हणाले, बिनचरबीचं थोडं मटण, मासे चालतील, मीठ मात्र दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा. म्हणजे सगळं मिळून एक छोटा चमचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही ती थाळी आणलीत. उभ्या काठाची, स्टीलची. पांढरीशुभ्र सांदणं, शेजारी फिकट हिरवा दुधी-गोश्त, त्यातलं हाड न् हाड काढलेलं. सुपारीएवढे शामी कबाब. घावनाची गुंडाळी करून घासाघासाएवढे तुकडे केलेले. कडेला बीटाच्या पातळ चकत्या, डाळिंबाचे चार दाणे, पुदिन्याचं एक पान. कित्येक आठवड्यांनी अब्बांनी ताटाकडे नीट पाहिलं.

आणि मग तुम्ही चमचा उचलून थाळीच्या डाव्या बाजूला ठेवलात.

खाला, मला बाकी सगळं विसरायला झालं तरी हे विसरणार नाही. डाव्या हाताने जेवायचं नाही, ही अब्बांची लहानपणापासूनची शिकवण. आम्हा भावंडांच्याही डाव्या हातावर चापट बसलेली आहे. आणि मी भरवायला गेले की ते डोळे मिटून घ्यायचे. ते लाजत होते. मला, त्यांच्या पोटच्या मुलीला, हे दीड महिन्यात कळलं नाही. तुम्ही हळूच म्हणालात, "भाईजान, ज्याचा उजवा चालत नाही त्याचा डावाच उजवा. अल्लाहला मजबुरी कळते. बिस्मिल्लाह करा." आणि लगेच माझ्याकडे वळून खिडकीतल्या कढीपत्त्याची चौकशी सुरू केलीत. कढीपत्ता वाळलेला होता, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. अब्बांकडे कोणी बघत राहू नये, एवढ्यासाठीच होतं ते. मागे चमचा थाळीच्या काठावर वाजत होता. अन्न काठाला अडून चमच्यात येत होतं, त्यासाठीच ती थाळी होती, हे मला नंतर उमगलं.

त्यानंतर मी तुमच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी येऊन उभी राहिले. हलाल म्हणजे सुरी आणि बिस्मिल्लाह, एवढंच मला माहीत होतं. तुम्ही कुराणाच्या सूरह बकरातली 168 वी आयत सांगितलीत, हलाल आणि तय्यब खा. तय्यब म्हणजे चांगलं, स्वच्छ. जनावर रीतीने कापलं पण वाटीभर तेलात तळलं, तर अर्धीच आयत पाळली, असं तुम्ही म्हणालात. यखनी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी वर साकळलेली पांढरी चरबी चमच्याने उचलून टाकायची. मिठाची उणीव आमसूल, लिंबू आणि भाजलेल्या जिऱ्याने भरून काढायची. जेलीच्या पाकिटातलं जिलेटिन कोणत्या जनावराचं ते कळत नाही, म्हणून खीर-फळांचं पुडिंग चायना ग्रासमध्ये लावायचं. ते समुद्री शेवाळापासून होतं. जवाच्या पिठाची लापशी, तलबीना, आजाऱ्याच्या मनाला आराम देते, असं हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या वचनांमध्ये आहे, ती सकाळी द्यायची. दालचातला दुधी कायम बाजूला सारणारे अब्बा, पैगंबरांना दुधी आवडायचा असं तुमच्याकडून ऐकल्यावर मुकाट्याने खायला लागले!

पहाटे कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला जाऊन तुम्ही आमच्यासाठी मासे आणायचात. पैसे देऊ केले तर हिशेब वहीत लिहितेय म्हणायचात. ती वही मी पाहिलीय खाला. त्यात आमचं पानच नाही.

या शहरात शेजारी कोण राहतं हे न कळता वर्षं जातात, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होते. पण दुसऱ्याच्या घरात दुखणं आलं की आपल्या पातेल्यात दोन मुठी जास्त घालणारी माणसं इथेच आहेत. वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकू तुमच्याकडून कमी मिठाचं वरण शिकून गेल्या, मी स्वतः पाहिलंय. त्यांना काय चालतं तेही तुम्ही आधी विचारलं होतंत.

तुमचे तीन डबे माझ्याकडे राहिलेत. रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हे अम्मीने शिकवलंय. आज त्यातल्या एकात दुधी-गोश्त आहे, मी केलेला. हाडं काढलीत, चरबी उचललीय, मीठ बेताचं आहे. अब्बांनी चाखून दिलाय, डाव्या हाताने.

तुमची,
खालच्या मजल्यावरची मुलगी