डेंग्यूचे रुग्ण मोजता, तसा खर्चही मोजा

संपादक महोदय,

पावसाळा सुरू झाला की आपल्या अंकात दर आठवड्याला एक चौकट येते. संशयित इतके, बाधित इतके, मृत्यू इतके. डेंग्यूने लोकांच्या खिशातून किती काढले, ही ओळ त्यात कधीच नसते. पालिकेच्या सभेतही ती कोणी विचारत नाही. मग अंदाजपत्रकात डासांसाठी जी तरतूद होते ती धूरफवारणीपुरती उरते आणि खरे बिल घरोघरी निमूटपणे भरले जाते.

हे बिल अजिबात मोजता येत नाही असे नाही. अमेरिकेतील उष्णकटिबंधीय वैद्यकाच्या नियतकालिकात २०१४ साली भारतातील डेंग्यूच्या आर्थिक भाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००६ ते २०१२ या काळात सरकारदरबारी वर्षाला सरासरी २०,४७४ रुग्णांची नोंद होती. तमिळनाडूतील मदुराई जिल्ह्याची पाहणी आणि तज्ज्ञांचे अंदाज यांच्या आधारे संशोधकांनी काढलेला आकडा होता ५७ लाख ७८ हजार, म्हणजे नोंदीच्या २८२ पट. केवळ उपचारांचा खर्च वर्षाला ५४ कोटी ८० लाख डॉलर. बुडालेली मजुरी, प्रवास वगैरे धरून १११ कोटी डॉलर, त्या वेळच्या दराने जवळजवळ सहा हजार कोटी रुपये. उपचारांच्या खर्चातले ८० टक्के पैसे खासगी दवाखान्यांत गेले होते.

आज नोंदणी बरीच सुधारली आहे. २०२३ मध्ये देशात २,८९,२३५ रुग्ण आणि ४८५ मृत्यू नोंदले गेले. त्यामुळे या आकड्याला सरळ २८२ ने गुणू नये. पण त्याच अभ्यासातली एक विभागणी आजही विचार करायला लावते. ६७ टक्के रुग्ण भरती न होता बरे झाले आणि त्यांच्यावर १८ टक्के खर्च झाला. उरलेले ३३ टक्के भरती झाले, त्यांच्यावर ८२ टक्के. भागाकार केला तर भरती रुग्णामागे साधारण साडेबारा हजार रुपये आणि बाह्यरुग्णामागे साडेतेराशे रुपये निघतात, तेही तेव्हाच्या दराने. म्हणजे एक अनावश्यक भरती टळली की नऊ रुग्णांच्या बाह्योपचारांचा खर्च निघतो. देशाचा भार कमी करायची पहिली जागा ही आहे.

भरती अनावश्यक का होते? एक कारण विम्याचे. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत २४ तास भरती असल्याशिवाय दावा बसत नाही. ज्याला घरी पाणी, सरबत, ओआरएस आणि रोजची रक्ततपासणी पुरली असती, तोही खाटेवर जातो. दुसरे कारण प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, कमी होण्याची भीती. डेंग्यूत धोका मुख्यतः रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपण्याचा असतो, आणि तो ताप उतरू लागल्यावरच्या २४ ते ४८ तासांत सर्वाधिक असतो. नेमके तेव्हाच घरचे निर्धास्त होतात. रिपोर्टवर पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट म्हणून छापलेला आकडा (रक्तातल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) मूळच्या २० टक्क्यांनी चढला, पोटात सतत दुखू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले, लघवी कमी झाली किंवा रुग्ण अस्वस्थ अथवा सुस्त वाटला, तर तासाचाही उशीर न करता भरती करावी. केवळ प्लेटलेट ६० हजारांपर्यंत उतरल्या म्हणून नव्हे.

रक्तस्राव नसताना केवळ खबरदारी म्हणून प्लेटलेट चढवण्याचा उपयोग सिंगापूर आणि मलेशियात तपासला गेला. २० हजार किंवा त्याहून कमी प्लेटलेट असलेल्या ३७२ प्रौढ रुग्णांवरील ही चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. रक्तस्राव टळण्यात लक्षणीय फरक दिसला नाही, उलट प्लेटलेट घेणाऱ्यांना दुष्परिणाम अधिक झाले. आपल्याकडे मात्र ऐन हंगामात नातेवाईक रात्री-बेरात्री रक्तपेढ्या पालथ्या घालतात. एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या पिशवीला दहा-अकरा हजार रुपये मोजतात. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, म्हणून साठाही करता येत नाही. ही धावपळ बहुतेकांची फुकट जाते, आणि ज्याला खरोखर रक्तस्राव होतोय त्याला पिशवी मिळत नाही, हे अधिक वाईट.

चाचण्यांतही पैसा असाच जातो. एनएस१ ही रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी चाचणी तापाच्या पहिल्या पाच दिवसांत उपयोगी. आयजीएम, म्हणजे शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी चाचणी, साधारण पाचव्या दिवसानंतर. दुसऱ्या दिवशी एनएस१, आयजीएम आणि आयजीजी अशा तिन्ही चाचण्यांचे ‘पॅकेज’ करून घेतले तर आयजीएमचे पैसे वायाच. दिल्ली सरकारने २०१५ च्या साथीत डेंग्यूच्या चाचणीला ६०० रुपये आणि प्लेटलेट मोजणीला ५० रुपये कमाल दर ठरवून दिला होता. असा दर आपल्याकडे प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर मोठ्या अक्षरात लागलेला असावा. सोबत कोणती चाचणी कितव्या दिवशी करायची हे दोन ओळींत लिहावे.

आता नोंदीबद्दल, कारण खर्चाचे मूळ तिथे आहे. खासगी दवाखान्यातली कार्डावरची जलद चाचणी सरकारी हिशेबात ‘संशयित’ ठरते. ‘बाधित’ व्हायला एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. आयजीएमची किट पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडून ठरावीक सरकारी केंद्रांना मिळतात. एका प्लेटमध्ये ९६ खाचा असतात आणि प्रत्येक वेळी त्यातल्या काही तुलनेसाठीच्या नियंत्रण नमुन्यांना द्याव्या लागतात. चार-पाच नमुन्यांसाठी प्लेट लावणे परवडत नाही, म्हणून नमुने साठेपर्यंत थांबतात. तंत्रज्ञाचा यात दोष नाही. पण डास थांबत नाही. रुग्णाच्या रक्तात विषाणू ताप येण्याच्या सुमारास आणि पुढे चार-पाच दिवस असतो. त्याला चावलेली मादी ८ ते १२ दिवसांत इतरांना आजार देऊ लागते. रुग्णाचे रक्त सहाव्या दिवशी घेतले, अहवाल आणखी चार-पाच दिवसांनी आला आणि तेव्हा पथक घरी पोचले, तर त्या घराभोवतीच्या माद्या तोवर विषाणू वाहू लागलेल्या असतात. म्हणून जलद चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली की त्याच दिवशी फक्त पत्ता पालिकेला कळवावा, आणि २४ तासांत आजूबाजूची पन्नास-शंभर घरे तपासावीत. बाधित म्हणून नोंद करायची की नाही ते एलायझा नंतर ठरवील.

घरे तपासणे म्हणजे काय, हेही स्पष्ट असू द्या. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या ओल्या कडेला चिकटवते. ती अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. पिंप नुसते उपडे केले आणि परत भरले तर आठवड्यात पुन्हा अळ्या. आतली बाजू तारेच्या घासणीने किंवा काथ्याने वरच्या काठापर्यंत घासून काढावी लागते. जिथे नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तिथे आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा असे सांगणे गरिबाची थट्टा आहे. पिंप ओतले तर प्यायचे काय? अशा घरांना घट्ट बसणारे झाकण किंवा जाड कापड आणि इलॅस्टिकचा पट्टा द्यावा. वापराच्या पाण्यात टेमिफॉस या अळीनाशकाची एक टक्का वाळू २०० लिटरच्या पिंपाला २० ग्रॅम टाकावी, त्याहून अधिक नको. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडावेत.

धूरफवारणी सगळ्यांना दिसते, म्हणून तिची मागणी होते. मॅलॅथिऑन या कीटकनाशकाच्या धुरात एक भाग औषध आणि १९ भाग डिझेल असते, म्हणजे २० लिटर मिश्रणातले १९ लिटर डिझेलच. धुराने उडणारा डास मरतो, अळी आणि अंडी नाही. एडिस घरात पडद्यामागे, कपाटाखाली बसतो, आणि धुराची गाडी आली की लोक खिडक्या लावून घेतात. साथीच्या वेळी रुग्णाच्या घरात आणि शेजारी, सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या सुमारास केलेल्या फवारणीला अर्थ आहे. रस्त्यावरून फिरणाऱ्या गाडीला फारसा नाही. हाच पैसा घरोघरी जाणाऱ्या तपासनीसांच्या पगाराला द्यावा. तोही जूनपासून हंगामी नेमणुका करून नव्हे, तर बारा महिने, कारण मे महिन्यात कुलर, फ्रिजमागचा ट्रे आणि बांधकामावरचे हौद पुढच्या साथीचे डास वाढवत असतात. त्यांचा अहवालही पूर्ण छापा. शंभर घरांपैकी १२ घरांत अळ्या सापडल्या एवढेच सांगितले तर त्या १२ घरांत ३० भांडी होती हे लपते. भांड्यांत पिंपे किती, टायर किती, कुंड्या किती हे कळले तर काय दुरुस्त करायचे ते कळेल.

आणि खर्चाची ओळ. तिच्यासाठी मोठ्या अभ्यासाची गरज नाही. डेंग्यूच्या प्रत्येक भरती रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डासोबत पाच रकान्यांचा एक कागद भरून घ्यावा: भरतीचे दिवस, एकूण बिल, त्यातले खिशातून गेलेले पैसे, प्लेटलेट दिल्या असल्यास त्या दिवशीचा आकडा, आणि रुग्ण व सोबतच्या माणसाचे मिळून बुडालेले कामाचे दिवस. शेवटचा रकाना वगळू नका. बारा दिवस रुग्णाचे आणि पाच दिवस बायकोचे धरले, तर सहाशे रुपये रोजाने १०,२०० रुपये बिलाच्या बाहेरच जातात, आणि त्यासाठी काढलेले कर्ज फेडायला दिवाळी येते. नाव-पत्ता न देता या रकान्यांची बेरीज पालिकेने दर महिन्याला जाहीर करावी, आणि आपण ती आपल्या चौकटीत मृत्यूंच्या शेजारी छापावी, ही विनंती.

— कीटकजन्य आजारांच्या कामाशी संबंधित काही वाचक, पुणे