कमी तेलातला मासा कोरडा का होतो?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. बाबांसाठी तेल कमी केल्यापासून मासा कोरडा होतो, तव्याला चिकटतो आणि वास घरभर राहतो, असं तू लिहिलं आहेस. या तिन्ही तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, पण तेल कमी केलं हे त्यांतल्या एकाचंही मूळ कारण नाही. हे दोष पूर्वीही होते, भरपूर तेलात ते झाकले जात होते. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी. चार तुकड्यांना दोन चमचे तेल खरोखर पुरतं, पण मग बाकीची कामं नीट करावी लागतात. तीच सविस्तर लिहितो.

आधी कोरडेपणाचं बघू. मटणात लांब, चिवट धागे असतात, म्हणून ते तासभर शिजवल्याशिवाय मऊ होत नाही. माशाचे धागे अगदी आखूड आणि थरांनी रचलेले असतात. दोन थरांमधला पडदा इतका नाजूक असतो की पाण्याला उकळी फुटण्याच्या कितीतरी आधीच तो विरघळतो. शिजलेल्या तुकडीच्या पाकळ्या सुटतात त्या याच पडद्याच्या जागी. म्हणजे मासा मऊ व्हावा म्हणून शिजवायचा नसतो, तो मुळातच मऊ असतो. आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे चढत गेलं की धागे आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. तुकडीभोवती पांढरं पाणी साचतं किंवा सामनच्या तुकडीवर दह्यासारखे पांढरे ठिपके येतात, ते याचंच लक्षण. ते पाणी एकदा बाहेर आलं की कितीही रस्सा ओतलास तरी आत परत जात नाही.

तुकडीच्या मध्यभागी ६३ अंश सेल्सियस झाले की मासा खाण्यास सुरक्षित समजतात. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर सर्वांत जाड जागी सुरीचं टोक घालून किंचित फाकवून बघ. मांस काचेसारखं दिसत असेल तर कच्चं आहे. दुधासारखं पांढरट झालं असेल आणि पाकळ्या हलक्या दाबाने सरकत असतील तर झालं. काट्यालगतही बघायला विसरू नकोस, तिथे सर्वांत शेवटी शिजतं. वेळेचा अंदाज जाडीवरून करायचा, वजनावरून नाही. अडीच सेंटिमीटर जाड तुकडीला दोन्ही बाजू मिळून साधारण १० मिनिटं, दीड सेंटिमीटर असेल तर ५-६. गॅस बंद केल्यावरही तुकडी आतून शिजतच राहते, म्हणून अर्धा-एक मिनिट आधीच उतरवायची. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घेतलास की तो जाड भागाच्या आधी वाळणार नाही.

आता वासाचं. खाऱ्या पाण्यातल्या माशाच्या मांसात एक बिनवासाचा पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर त्या ओळखीच्या हिवस वासात करतात. हे बहुतेक पृष्ठभागावर घडतं, म्हणून तो पुसून घेण्याचा उपयोग होतो. लिंबाने वास कमी होतो कारण आंबटपणा त्या वासाच्या द्रव्याला बांधून ठेवतो, हवेत उडू देत नाही. पण लिंबू लावून मासा तासभर ठेवू नकोस. आंबटामुळे मांस बाहेरून पांढरं पडतं, जणू अर्धं शिजलंच, आणि मग आचेवर ते खडूसारखं भुसभुशीत होतं. १०-१५ मिनिटं पुरे. लिंबाने जंतू मरतात यावरही विसंबू नकोस. गोड्या पाण्यातल्या माशाला कधी कधी मातकट वास येतो, त्याचं कारण वेगळं आहे. तो वास कातडीत आणि तिच्यालगतच्या काळपट मांसात जास्त असतो, म्हणून असा मासा सोलून घ्यायचा आणि चिंच किंवा टोमॅटो घालून आंबट रस्सा करायचा.

साफ करताना दोन जागा हमखास राहून जातात. एक म्हणजे पोटाच्या आतून चिकटलेला काळा पापुद्रा. दुसरी म्हणजे मधल्या काट्याखाली असलेली गडद रक्ताची रेघ. अंगठ्याच्या नखाने किंवा चमच्याच्या कडेने ती खरवडून काढ आणि पोट थंड पाण्याच्या बारीक धारेखाली धू. मासा वास मारतो म्हणतात तेव्हा निम्मा दोष या रेघेचा असतो. कल्ले तर पूर्ण काढायचेच, ते कडू असतात. कापलेल्या तुकड्या मात्र पाण्यात बुडवून ठेवायच्या नाहीत. चव पाण्यात जाते आणि मांस पाणी पिऊन लिबलिबीत होतं.

घेतानाच्या खुणा तुला माहीत आहेत. डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल आणि ओलसर, बोटाने दाबलेली जागा लगेच वर यायला हवी. बांगडा, तारली, ट्यूना यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. हे मासे बाहेर उन्हात राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं त्रासदायक द्रव्य तयार होतं. ते शिजवून, तळून किंवा गोठवूनही जात नाही आणि कधी कधी वासावरून कळतही नाही. असा मासा खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात, आणि माणसाला वाटतं ॲलर्जी आली. म्हणून हे मासे बर्फावरचेच घे, आणि घरी आल्यावर पिशवी ओट्यावर न ठेवता थेट फ्रीजमध्ये टाक.

आता तवा. बाबांना तव्यावरचाच आवडतो, म्हणून हे जरा निगुतीने सांगतो. अर्धा किलो, म्हणजे चार-पाच तुकड्या, दोन सेंटिमीटर जाडीच्या. त्यांना सपाट एक चहाचा चमचा मीठ, अर्धा चमचा हळद, एक चमचा तिखट, पाव चमचा मिरपूड आणि दोन चमचे लिंबाचा रस चोळून त्या फ्रीजमध्ये ठेव. मीठ कमी करायचं असेल तर निम्मंच घे आणि खाताना वरून लिंबू पिळ, आंबटामुळे अळणीपणा जाणवत नाही. आलं-लसणाचं वाटण या प्रकाराला लावू नकोस. कमी तेलात ते ओलं राहतं, तव्याला धरतं आणि मासा शिजायच्या आत करपतं. वाटण वाफेच्या किंवा रश्श्याच्या माशाला ठेव.

१५ मिनिटांनी तुकड्या फ्रीजमधून काढ. ताटात पाणी सुटलेलं असेल ते फेकून दे आणि प्रत्येक तुकडी स्वच्छ सुती कापडाने दोन्ही बाजूंनी टीप. थोडा मसाला कापडाला लागतो, लागू दे. ही पायरी सगळेच गाळतात आणि चिकटण्याचं खरं कारण इथेच आहे. तुकडी ओली असली की तव्याची उष्णता आधी ते पाणी आटवण्यात खर्च होते. तोवर तवा थंडावतो, माशाचं कच्चं मांस धातूला धरून बसतं, आणि तुकडी भाजली जाण्याऐवजी उकडली जाते. टिपून झाल्यावर, अगदी तव्यावर टाकायच्या क्षणी, दोन मोठे चमचे तांदळाच्या पिठात तुकड्या हलकेच घोळव आणि जास्तीचं पीठ झटक. पीठ आधी लावून ठेवलंस तर ते ओल शोषून चिकट होतं आणि पुन्हा पहिल्यापासून रड.

लोखंडी तवा रिकामाच मध्यम आचेवर तीन मिनिटं तापव. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो गोळी होऊन पळू लागला की दोन चमचे तेल घालून पसरव. नॉनस्टिक असेल तर रिकामा तापवायचा नाही, तेल घालूनच ठेवायचा. तेल हलकं लहरू लागलं की तुकडी आपल्यापासून दूरच्या बाजूला टेकवत ठेव आणि पहिली १०-१५ सेकंदं उलथन्याने हलकी दाबून धर. कातडी तापली की आक्रसते आणि तुकडी वाटीसारखी वळते, दाबल्याने ती सपाट राहते. मग चार मिनिटं हात लावायचा नाही. तुकडी सुटते की नाही हे बघायला दर अर्ध्या मिनिटाला टोचणं हीच सगळ्यांची चूक. सुरुवातीला ती चिकटलेलीच असते. खालचा थर वाळून खरपूस झाला की ती आपोआप सुटते. उलथनं सारल्यावर अडली, तर अजून वेळ झाली नाही, आणखी अर्धा मिनिट दे. ओढलीस तर खरपूस कातडी तव्यावर आणि उघडी तुकडी ताटात येईल. उलटल्यावर दुसऱ्या बाजूला दोन-अडीच मिनिटं पुरतात. झाकण ठेवायचं नाही, वाफेने वरचा कुरकुरीतपणा जातो. आणि तवा गच्च भरू नकोस, दोन तुकड्यांमध्ये बोटभर जागा हवीच.

तेल मुळीच नको असेल त्या दिवशी वाफेवर कर. माझ्या मते ताज्या, पांढऱ्या मांसाच्या माशाला याच्याइतकी चांगली रीत नाही. मोदकपात्र असेल तर उत्तम, नाहीतर मोठ्या पातेल्यात वाटी पालथी घालून तिच्यावर ताटली. पाण्याला आधी खळखळून उकळी येऊ दे, मग मासा ठेव. थंड पाण्यापासून सुरू केलंस तर वेळेचा हिशेब चुकतो. दोन सेंटिमीटरच्या तुकडीला ७-८ मिनिटं, अर्ध्या किलोच्या अख्ख्या माशाला साधारण १२. अख्ख्या माशाला दोन्ही बाजूंनी काट्यापर्यंत तीन तिरके छेद दे, म्हणजे पाठीकडचा जाड भागही वेळेत शिजेल. ताटलीत जे गढूळ पाणी साचतं त्यात वासाचा अंश असतो, ते टाकून दे. वरून आल्याचे बारीक काप, कोथिंबीर, मिरी, लिंबू. एक चमचा तेल कडकडीत तापवून आल्यावर ओतलंस तर त्या एका चमच्यात सगळ्या माशाला आल्याचा सुवास लागतो.

ओव्हनमध्ये कागदाची पुडी करता येते. बेकिंगच्या कागदावर कांदा, टोमॅटो, ढोबळी मिरची यांचे अगदी पातळ काप, वर तुकडी, मीठ-मिरी, एक चमचा तेल. कडा घट्ट दुमडून २०० अंशांवर १२-१४ मिनिटं. भाजी जाड चिरली तर ती कच्ची राहते आणि तिची वाट बघताना मासा वाळतो. बटाटा घालायचाच तर आधी उकडलेला घाल. लिंबू-टोमॅटो असताना ॲल्युमिनियमची फॉइल वापरू नकोस, आंबट तिच्यावर परिणाम करतं.

रश्श्याचं थोडक्यात. दोन चमचे तेलात एक कांदा, एक चमचा आलं-लसूण, मसाला, दोन टोमॅटो, मग दोन कप पाणी. हा रस्सा माशाशिवायच ८-१० मिनिटं उकळून पूर्ण कर, मीठ-आंबटही आधीच बघून घे. मासा स्वतःचं पाणी सोडतो, म्हणून रस्सा हवा त्याहून थोडा दाट ठेव. मग आच मंद करून तुकड्या एका थरात सोड, ५-६ मिनिटं. खळखळ उकळलं की तुकड्या एकमेकींवर आपटून फुटतात. पळीने ढवळायचं नाही, पातेलं कडांना धरून गोल हलवायचं. पाण्याऐवजी डोक्याकाट्यांचं पाणी घातलंस तर खोबऱ्याशिवायही रश्श्याला अंग येतं. कल्ले काढलेली अर्धा किलो डोकी आणि काटे एक लिटर पाण्यात, फक्त २०-२५ मिनिटं, मग गाळून. जास्त वेळ उकळलं तर कडवटपणा उतरतो. तेलकट माशाचे काटे यात घालू नकोस.

आठवड्यातून दोनदा मासा खावा असं हृदयविकाराचे डॉक्टर सांगतात. त्यात एकदा तरी बांगडा, तारली किंवा सामनसारखा तेलकट मासा असावा, ओमेगा-३ त्यांतच भरपूर असतं. शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे मात्र गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी टाळावेत. त्यांच्यात पारा साठतो आणि तो शिजवून जात नाही.

कच्चा मासा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच ठेव. फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर तेलकट मासा दोन-तीन महिने चांगला राहतो, पांढरा त्याहून जास्त. वितळवायला रात्रीच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेव, गरम पाण्यात टाकू नकोस. हवाबंद पाकीट असेल तर वितळवण्याआधी ते फोड, कारण हवा नसलेल्या पाकिटात एक घातक जिवाणू वाढू शकतो. उरलेली तुकडी दुसऱ्या दिवशी गरम केली की वास दुप्पट होतो. त्यापेक्षा काटे काढून ती कुस्कर, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून थंडच वाढ. बाबांना देताना तुकडीवरून बोट उलट-सुलट फिरव, बारीक काटे डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला लागतात.

पहिल्या खेपेला दोनच तुकड्या कर आणि घड्याळ समोर ठेव. तव्यावर कुठे अडलं ते कळव.

आईबाबांना नमस्कार, मुलांना गोड पापा.

तुझा धाकटा भाऊ